काटा खोटं बोलत न्हाई

१६ जाने., गुरुवार

आजचं आधी लिहून टाकते.

बापूंना डोळ्यांच्या दवाखान्यातून घरी आणत होते. अंबड चौफुली ओलांडली, गाडीनं बऱ्यापैकी वेग घेतला, आणि बापूंनी शांतपणे आपल्या बाजूचं दार उघडलं. एक पाय बाहेर! मी सदरा धरला, ब्रेक दाबला. मागचा टेम्पोवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला.

"बापू, चालत्या गाडीतून उतरतात का?"

"चालती कुठं? काटा बघ की. शून्यावर हाये. गाडी उभी हाये."

बाहेर दुकानं, झाडं मागे जात होती ना, म्हटलं. तर म्हणे, "झाडं पळून राह्यली. आपण हितंच."

स्पीडोमीटर दिवाळीपासून मेलेला आहे. मी कधी लक्षच दिलं नाही. एवढी जुनी गाडी, चालते हेच उपकार. पण बापूंनी बियाण्याच्या कंपनीसाठी याच गाडीतून उभा जिल्हा पालथा घातला, पिंपळगाव रेणुकाईपासून शहागडपर्यंत. मला चालवायला शिकवली तेव्हाही एकच पालुपद: डोळे फसतात, काटा खोटं बोलत न्हाई. आता लेकीचं नावसुद्धा दिवसाआड विसरतात. हे तेवढं राहिलं.

घरी आल्यावर ओरडले त्यांच्यावर. फार ओरडले. "म्हणा, चालत्या गाडीतून उतरायचं नाही." पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, वर्गातल्या पोरासारखं. ते म्हणत गेले.

१८ जाने.

घरातच. दोघंही. भाजी शेजारच्या काकूंनी आणून दिली.

नाशिकहून शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन. "शैलाताई, तीन तारखेला वर्गावर या, नाहीतर विज्ञानाला दुसरं कोणी बघावं लागेल हो." आवाज अगदी साखरेचा. बिनपगारी रजेलाही अंत असतो, खरंय त्यांचं. आई गेली तेव्हा मी पंधरा दिवसांसाठी जालन्याला आल्ते. (बघा, लिहितानाही 'आल्ते'. नाशिकला पोरी हसतील.) ते दिवस गेल्या श्रावणातले.

शहागडची आत्या भावाला ठेवून घ्यायला तयार आहे. अंगण मोठं, दोन सुना, माणसांचा राबता. "आण की त्याला. हुरडा चालू हाये. मी काय उपाशी ठेवीन का माझ्या भावाला?" ठेवणार नाही. पण न्यायचं कसं? परक्या गाडीत बसत नाहीत. तिच्या मुलाची जीप आली होती तर बापू फाटकाचा गज धरून बसले. बसणार फक्त आपल्या गाडीत, तेही पुढे. मागे म्हणे मालक लोक बसतात. सीटचे पट्टे या गाडीला कधी नव्हतेच.

काल दाराचा दांडा ओढणीनं बांधून बघितला. "मला बांधलं, मला बांधलं" असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. लगेच सोडलं. तोंड लपवून घरात आले.

म्हणजे फिरून काट्यावरच. काटा हलला तर बापू हलतील. बापू हलले तर मी.

२० जाने.

दादाचा पुण्याहून सल्ला: फोनवर वेग दाखवणारं ॲप आहे, तेच लाव. लावलं. फोन समोर, आकडे ठळक. गल्लीच्या टोकापर्यंत रांगत गेलो, एका हातानं त्यांचा दंड धरून. बापूंनी फोन उचलून कानाला लावला. "बोला. कोन बोलतंय?"

दादाला कळवलं. त्यानं हसरी तोंडं पाठवली. त्याचं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायला.

संध्याकाळी जुन्या जालन्यात रशीदभाईंच्या गॅरेजवर. ही गाडी पूर्वीपासून त्यांच्याच हातातली. "ताई, कायको परेशान होऊन राह्यल्या? इंजन मस्त हाये. मीटरचं काय लोणचं घालायचं का?" दाराचा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "तीनच जागा. मीटर गेला असंल, न्हाईतर तार, न्हाईतर खाली गिअरबॉक्सचा बारका गिअर. पर आता लग्नसराई हाये ताई, मला बिलकुल टाइम न्हाई."

मी म्हटलं, मीच बघते. नववीला चुंबक मीच शिकवते. ते खूप हसले. पाने मात्र दिले.

२२ जाने.

मीटर निर्दोष!

डॅशबोर्डातून बाहेर काढला. मागे तारेची फिरकी लागते तिथं चौकोनी भोक. काडी तासून त्यात बसवली, चिमटीत धरून जोरात फिरवली. काटा उठला. मी ओरडलेच आनंदानं.

पण शेजारच्या सीटवर बापू. "ब्रेक! ब्रेक दाब बाई! म्होरं भिंत हाये!" दोन्ही पाय खाली रोवलेले, हात डोळ्यांवर. भिंत आमच्याच घराची. गाडी उभी, इंजिन बंद, चावी माझ्या कमरेला. मला आधी हसू आलं. मग त्यांचा घाम पाहिला. पाणी दिलं, पाठीवर हात फिरवत बसले.

मीटरच्या आत चुंबक फिरतं आणि काट्याची वाटी त्याच्यामागे ओढली जाते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. उलटीकडून बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचत असते. हे शिकवताना वर्ग कसा चिडीचूप व्हायचा. मागच्या बाकावरची ती एक, कायम प्रश्न विचारणारी… आता तिला कोण शिकवत असेल? रडू आलं. येऊ दिलं.

२४ जाने.

तार. बाहेरच्या नळीतून आतली तार ओढून काढली. तुटलेली असणार अशी खात्री होती. अख्खी निघाली. तोंडच पडलं माझं.

परत घातली. जॅकवर मागचं चाक उचललं. चाक फिरवायला कोण? बापू. पाटावर बसवलं, ते दोन्ही हातांनी चाक फिरवत राहिले. मी पुढे तारेचं टोक बघत होते. फिरत होतं! पण चिमटीत धरलं की थांबायचं. म्हणजे खालचा गिअर ठीक, पकड सुटते ती तारेच्या दुसऱ्या टोकाला. गाडीखाली आडवी होऊन बघितलं. चौकोनी टोक झिजून गोल झालंय. भोकात नुसतं गरगरतं, मीटर ओढायचा जोर नाही.

बाहेर आले तरी बापूंचं चाक चालूच.

"कुठं निघालात बापू?"

"भोकरदनला." घामानं चेहरा चमकत होता. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत फिरवू दिलं.

२७ जाने.

दुकानात तार मिळते ती या गाडीला लागत नाही. रशीदभाईंनी भंगारातल्या गाडीची काढून पाठवली. बसवली. रस्त्यावर घेतली तर काटा वेड लागल्यासारखा नाचतो आणि तार किंचाळते.

बापू: "हिला ताप आलाय. घरी घे."

रशीदभाई फोनवर: "तार सुकली असंल. ग्रीस लावा."

तार पुन्हा बाहेर. ग्रीसचा डबा हाताशी होता. लावलं. अजून लावलं. म्हटलं, आता ही तार जन्मात कुरकुरता कामा नये. कोपरापर्यंत काळी झाले. बापूंनी माझे हात बघून आईला हाक मारली, "अगं, हिला रॉकेल दे हात धुवायला."

२९ जाने.

जमलं!

काटा कसा, तुपात पडल्यासारखा मऊ. अंबड रस्त्यावर दूरवर जाऊन आलो. बापू मोठ्यानं वाचत होते. "तीस… पस्तीस… चाळीस. बास. चाळीसच्या वर जायचं न्हाई." हात मांडीवर. दाराकडे बघितलंही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

परत आल्यावर काटा शून्याच्या थोडा अलीकडे थबकला. काचेवर टिचकी मारली, बसला खाली. एवढं चालायचंच.

"चांगली चालवती तू," बापू म्हणाले. "कोनाची गं तू?"

"तुमचीच."

"मंग बराबर."

मोठ्या बाईंना कळवलं, तीन तारखेला हजर होईन. आत्याला कळवलं, रविवारी येतो.

१ फेब्रु.

बापूंची पिशवी भरली. दोन सदरे, स्वेटर, कानटोपी, आईचा फोटो. माझी बॅग डिकीत, सतरंजीखाली. चोरासारखी ठेवली.

"आत्याकडे जायचं उद्या. हुरडा खायला."

"माघारी कधी यायचं?"

"लगेच." तोंड फिरवून खोटं बोलले. ते हुरड्याच्या नादात लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते. मला जायचंच आहे. जायचंच आहे मला. हे लिहून ठेवते.

२ फेब्रु., रविवार. शहागड

आत्याच्या अंगणात, गाडीतच बसून लिहितेय. वहीला स्टिअरिंगचा टेकू.

रस्ता छान गेला. अंबडच्या पुढे मोसंबीच्या बागा, बापू आकडे वाचतायत, मध्येच कोणत्या गावात कोणतं बी जास्त खपायचं ते सांगतायत. मला वाटलं, असंच पुढे जात राहावं. हायवेचे ट्रक दिसले तेव्हा भानावर आले. अंगणात गाडी लावली, इंजिन बंद केलं. आत्या भाकरतुकडा ओवाळायला उभी.

काटा वीसवर.

थांबले. खाली येईल म्हटलं. येत नाही. मीच चोपडलेलं ग्रीस, वाटेत सरकत सरकत मीटरच्या आत गेलं असणार. वाटी त्यात रुतली, स्प्रिंगला खेचवत नाही.

"उतरा बापू. आत्याचं घर आलं."

"थांबू दे की आधी."

"थांबलीय गाडी."

त्यांनी काट्याकडे बोट केलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच अडाणी. "चालत्या गाडीतून उतरायचं न्हाई. तूच वरडली व्हतीस."

माझं नाव आठवत नाही त्यांना. आई गेलेली आठवत नाही. हे आठवतं.

आत्यानं विनवलं. सुनांनी विनवलं. शेवटी आत्यानं हुरड्याची ताटली खिडकीतून आत दिली, दाण्याची चटणी, गूळ. ते मजेत खातायत. एक घास माझ्या तोंडाशी धरतात, एक स्वतः खातात. मी दार उघडायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. अजून धरलंय. पकड उभा जन्म स्टिअरिंग धरलेल्या हाताची आहे, सुटत नाही. "पडशील माय. गाडी चालू हाये."

आत्या ओट्यावरून हातानंच विचारतेय, काय झालं? नाशिकची बस हायवेवर यायची वेळ होत आली.

काचेवर एक टिचकी मारली की काटा खाली बसेल. मग ते आपण होऊन उतरतील, आत्या त्यांना आत नेईल, सुना चहा टाकतील, आणि मी डिकीतून बॅग काढीन. हे सगळं मला ठाऊक आहे. उजवा हात तर मोकळाच आहे, त्यानंच लिहितेय.

मारते. हा घास होऊ दे त्यांचा.