आर्द्रा लागायच्या आत

सिकंदराबाद, ५ जून १९७४

चि. ज्ञानचंदभाऊ यांस अंगुरीभाभीचे अ. आ. वि. वि.

तुमची आंब्याची पेटी आली. तुमी आंबे साड्यांच्या पॉलिथिन पिशव्यांत घातले अन् मेनबत्तीनं तोंडं चिकटवली. आतल्या आत घामेजून सारे सडले. कपड्याच्या दुकानदाराले साडी अन् आंबा सारखाच, असं तुमचे भाऊ म्हनाले. मी हसली, मंग रडली.

बाबूजींनी औषध बंद केलं आहे. म्हनतात, आपल्या मळ्यातला खोबऱ्या आंबा एकदा चाखतो, मंग महाराजसाहेबांची आज्ञा घेऊन संथारा घेतो, अन्नपानी सोडतो. डॉक्टर म्हनते, औषध घेतलं तं मानूस उठून बसन. आंबा नाही आला तं त्यांची आस राह्यते, अन् आला तं मले भेव वाटते. जिवाले चैन नाही. आर्द्रा लागली की आपल्या जैनांत आंबा वर्ज्य, तवा काय ते त्याच्या आत करा.

आमच्यावर जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची भाभी

इंझोरी, १२ जून १९७४

सौ. अंगुरीभाभीस ज्ञानचंदचा सा. न. वि. वि.

साडीचा टोमना पोचला. तोडलेलं फळबी दम घेते, हे मले सडल्यावर समजलं. आता देठ ठेवून आंबे तोडले, पिशव्यांले दाभनानं भोकं पाडली. एक पिशवी बंद, एक भोकाची, अशा माळ्यावर ठेवल्या. दिवसातून धा खेपा जाऊन आंबा दाबून पाहतो. तुमची जाऊ सूरज म्हनते, बाबूजींचे पाय इतके कधी दाबले नाहीत तुमी. खरंच आहे तिचं.

भोकाचा आंबा अजून टनक आहे. पन खात्री झाल्याबिगर पेटी वाशीमच्या गाडीत चढवत नाही. बाबूजींले सांगा, आंबा येऊन राह्यला, तवरिक औषध घ्या. दुखनाईत जिभेले खोबऱ्याची चव काय समजन?

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा ज्ञानचंद

सिकंदराबाद, २४ जून १९७४

चि. ज्ञानचंदभाऊ यांस अ. आ.

पेटी काल आली. एका आंब्याले डाग नाही. अन् आर्द्रा आदल्याच दिवशी लागली. तुमच्या गादीमागं पंचांग टांगलं असते, मंग काहून असं केलं? मी तुमाले तोंडाले येईन ते बोलली.

बाबूजींनी आंबा मांडीवर घेतला, नाकाशी नेला. मंग पेटी शेजारी देऊन टाकाले सांगितली अन् म्हनाले, ग्यान्यानं घात केला, आता पुढच्या अखजीले, अक्षय्य तृतीयेले, आंबे सुरू होतपर्यंत थांबा लागते. अन् मलेच औषधाची बाटली मागितली.

भाऊ, उशीर कसा झाला, खरं सांगा.

रागावली तरी तुमचीच,
अंगुरीभाभी

इंझोरी, १ जुलै १९७४

सौ. भाभीस सा. न. वि. वि.

पिशव्यांची परीक्षा लांबली, दुसरं काय. माळ्यावरचा एक आंबा अजून टिकून आहे. मीबी खाल्ला नाही, रोज वास घेऊन ठेवून देतो.

बाबूजींले म्हना, ग्यान्या चुकला, पुढच्या साली याहून चांगली पेटी बांधन. अन् हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, पुढच्या सालीबी पेटीले थोडा उशीर होईन.

तुमच्या शिव्यांचा धनी,
ज्ञानचंद