मानेला दिवा दाखवला त्याची हकीकत

ती. वन्संना सा. नमस्कार. इकडे देवाच्या कृपेने आणि थोड्या काटकसरीने सगळे उभे आहेत. तुमची कंबर कशी आहे? दवाखान्यातून आलं ते असं: सुई एक, साडेचार हजार, दिवा एक, अनामत दोन हजार (धड परत केला तर परत), काळा चष्मा एक, फुकट (म्हणजे सुईतच धरलेला).

तुमच्या बंधूंच्या मानेवरची गाठ चांगली नाही असं तपासणीत निघालं, हे कळवलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध धुळीहून बारीक कणांत कोंडलंय. ते गाठीत जाऊन झोपतं, वरून लाल उजेड पडला की कण उघडतात आणि औषध तेवढ्याच जागी सांडतं. मी मान डोलावली. पण वन्सं, कातडीखाली मिट्ट काळोख, तिथे कणांना उजेड पडल्याचं सांगतं कोण? सगळं देवालाच ठाऊक, असं मी म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "थोडंसं आम्हालाही."

सुई टोचून घरी आलो, मग घरात नुसता गोंधळ. देवापुढे दिवा लावला आणि कण भलत्या वेळी जागे झाले तर? म्हणून माझी प्रार्थना होईपर्यंत हे मानेला टॉवेल गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसायचे, वर "आटपलं का तुमचं दोघांचं?" (म्हणजे माझं आणि देवाचं.) दवाखान्याचा दिवा लावला तेव्हा बाजूला सांडणारा उजेड वाया जाऊ नये म्हणून मी मामंजींचा गुडघा शेजारी ठेवला. त्यात औषधाचा थेंब नाही, तरी दुसऱ्या दिवशी मामंजी जिना चढले! गाठ मात्र जशीच्या तशी. हे भडकले, म्हणाले, बापाच्या गुडघ्याने माझा उजेड खाल्ला, ही सगळी हातचलाखी आहे, आता दुसरी सुई नाही.

काल नर्सबाईंचा फोन आला. दिव्याच्या काचेवरचं जाड आवरण काढलं होतंत ना, असं त्यांनी सहज विचारलं. वन्सं, नवी कोरी वस्तू, त्यातून अनामत, मी कशी काढीन? उलट सुटलेल्या कडा पुन्हा चिकटवल्या होत्या. म्हणजे उजेड आत अडला आणि कण झोपेतच गेले. आता आवरण सोललंय. (हे बाहेर गेले होते. मामंजी गप्प बसायला तयार आहेत, पण गुडघ्यापुरतं ते परत चिकटव म्हणतात, त्यांना तसाच उजेड मानवतो.)

तुमची भावजय

ता. क. दुसरी सुई येत्या शनिवारी आहे. त्यापुढे उशीर केला तर गाठ थांबायची नाही, असं नर्सबाईंनी बजावलंय. हे माझं ऐकत नाहीत, पण तुम्हाला अजून घाबरतात. त्यांच्या नावे चार ओळी दटावून लिहा.

ता. ता. क. आवरणाचं कळल्याशिवाय ते सुईचं ऐकायचे नाहीत, आणि मी सांगितलं तर जन्मभर ऐकवतील. तेव्हा तेही तुम्हीच लिहा. मात्र उलट टपाली. पोस्टमन दिसला की मी डोळे मिटून देवापुढे बसेन. तेवढा वेळ मला घरात कोणी बोलत नाही.