वाघझरीला वस्ती नाही

६ जानेवारी
आज पहाटे आंघोळ उरकली, देवापुढे दिवा लावला आणि पहिल्या ट्रकबरोबर वाघझरीच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, आलो. मी होतो ती उद्यमबागेतली ओतकामाची फौंड्री बंद पडल्यापासून गावी उचगावात रिकामाच होतो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला या खाणीने काम दिलं. काम सोपं आहे. सड्यावरच्या गवळीवाड्यात जायचं, लोकांचं ऐकायचं आणि साहेबांचं सांगायचं. खाणीचे रविराज साहेब म्हणाले, त्यांना देवाधर्माचा, मराठी बोलणारा माणूस हवा होता. बरं वाटलं.

वाड्यात सतरा घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, एकाच छपराखाली माणसं आणि म्हशी. वरच्या अंगाला झरा, झऱ्याशी बिरोबाचा दगड, भंडाऱ्याने पिवळाजर्द. वाड्याचे कारभारी भरमू तात्या. त्यांची बायको मालुबाई. तिने दुधाचा तांब्या माझ्या हातात दिला. "खाणीचा माणूस व्हय तू? मग पोटभर पी. उद्या तुझं साहेब म्हशीबी खणून नेतील!"
सगळे हसले. मीही हसलो.

१४ जानेवारी
साहेबांनी ग्रामसभेचा ठराव दिला. कन्नडमध्ये आहे. मी कन्नड बोलतो, पण शाळा मराठीत झाली, अक्षरं लागत नाहीत. साहेबांनी अर्थ सांगितला तोच मी वाड्यात सांगितला. झरा, देव आणि सतरा घरं सोडून खाण होईल, रानाचा हक्क वाड्याच्या नावे लागेल.

भरमू तात्या म्हणाले, "कागद आमाला वाचता येत न्हाय आप्पा, आन् तुलाबी न्हाय. तू भंडारा उचल."
देवापुढचा भंडारा तळहातावर घेऊन बोललेला शब्द इथे शेवटचा. त्यानंतर कुणी काही विचारत नाही. मी उचलला. मन स्वच्छ होतं. सतरा घरांचे अंगठे उमटले, खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

२ फेब्रुवारी
ठराव मंजूर होऊन आला. ट्रकवाल्या महादेवला वाड्यावर दुधाला पाठवलं, तो रिकामी किटली घेऊन परतला. "कसला वाडा आप्पा? नुस्ती कारवी हाय तितं. सकाळी सकाळी घेतलीसा काय?"

चेष्टा समजून स्वतः गेलो. वाडा जागेवर होता. पण घरं सोळाच. दोनदा मोजली. कडेचं घर कुणाचं होतं, कुठे गेलं, तात्यांना विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. आठवलं नाही.

९ फेब्रुवारी
नऊ घरं.
एका घरात चूल पेटलेली, तव्यावर भाकरी फुगलेली, माणूस नाही. हाक मारली. बाहेर येऊन मागे वळून पाहिलं तर नुसतं कारवीचं रान. घर नाही, चूल नाही, धूरही नाही.
साहेबांना सांगितलं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. म्हणाले, इथे कधी काही नव्हतंच, तुम्हाला ऊन बाधलंय.

१३ फेब्रुवारी
ऑफिसातला कारकून पारिसा बोरगावचा, कन्नड शाळेत शिकलेला. त्याला ठरावाची प्रत वाचायला लावली. "सही तुमची आन् वाचायचं मी? बरं हाय की!" म्हणत त्याने सुरुवात केली. मग त्याचं हसू गेलं.

त्यात लिहिलंय: वाघझरीच्या सड्यावर वस्ती नाही, कधीही नव्हती. आम्ही अंगठे देणारे परगावचे, म्हशी चारायला येतो-जातो. झऱ्यावर, रानावर आमचा हक्क नाही. हे साक्षीदाराने आम्हाला वाचून दाखवलं आहे.

साक्षीदार मी. माझ्या देवभोळेपणासाठीच मला नोकरी दिली होती. आणि वाड्याने माझ्याच शब्दावर —
जेवलो नाही.

२० फेब्रुवारी
एकच घर. मालुबाई एकटी. दोन ताटं मांडून बसलेली. मला विचारते, "ह्ये दुसरं कुणाचं रं?"
भरमू तात्यांचं, म्हणालो.
"कोन त्यो?"
तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कशाचं ते तिला कळत नव्हतं.

धावत खाली आलो, साहेबांचे पाय धरले. ठराव मागे घ्या. ते शांतपणे म्हणाले, हरकत घ्यायला तिथे राहणारा माणूस लागतो. आहे का कुणी?

२२ फेब्रुवारी
वळकटी आणि ही वही घेऊन वाड्यावर राहायला आलो. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला: मी वाघझरीला राहतो, माझी हरकत आहे.
साहेबांनी मान वर केली नाही. पारिसाला विचारलं, हा कागद इथे कुणी ठेवला. मी समोरच उभा —
वाटेत महादेवचा ट्रक. हात केला. थांबला नाही. अंगावरून —
लागलं नाही कुठे.

२३ फेब्रुवारी
मालुबाई नाही. चूल ऊन आहे.
झऱ्याभोवती सुरुंगाची भोकं पाडलीत. वायरी जोडून झाल्या. सुरुंगवाला ओरडतोय, कुणी हाय का. आहे म्हणालो. पुन्हा म्हणालो. तो माझ्याकडेच बघतोय.
स्फोटाआधीचा भोंगा झाला.
झऱ्याला पाठ लावून बसलोय. उठणार नाही. कागद खोटा आहे. इथे राहतात: भरमू. मालुबाई. बाकीची सोळा घरं, त्यांची नावं — लिहितो, आठवली की —
आणि मी. वाघझरीचा रहिवासी, नाव