घरात पुरुष माणूस आहे

३ मार्च, सोमवार
सगळ्यात आधी आली वरची शिलाईवाली, सुई पदराला टोचलेली तशीच. मागोमाग शेजारचा रिटायर्ड पोस्टमन. मागच्या गल्लीत चोरी झाली म्हणे, भरदिवसा! बेल वाजवली, म्हातारी एकटी दिसली, की घुसले. शिलाईवाली म्हणते, आजी, तुम्हीपण एकट्याच की हो! मी म्हटलं, मी नाही घाबरत. कप हातात वाजत होता, पण तो कप मुळात हलकाच आहे.
लेकीचा फोन आला. म्हणाली, आई, आता तरी आमच्याकडे चल. मी म्हटलं, ह्या दारातून मी आडवीच निघेन.
ठराव : घाबरायचं नाही. जायचं नाही.

५ मार्च, बुधवार
युक्ती सापडली! यांचा स्टिरिओ. यांच्या मागे मी फक्त त्याची धूळ पुसते. खणात एक कॅसेट आहे. नात लहान असताना खेळता खेळता तिने रेकॉर्डचं लाल बटण दाबून ठेवलेलं. गुणाची माझी चिमणी, बोबडं गातेय, ऐकून पोट भरतं. मग दार वाजतं आणि हे जोरात ओरडतात, "कोण आहे? थांबा, आलो!" काय तो आवाज! दोन घरं जागी व्हायची.
आता बेल वाजली की व्हॉल्यूम फुल्ल करून हे लावायचं. चोराची काय टाप! त्यापुढचं लागायच्या आत बंद करायचं. पुढे काही नाही, घरातलं फालतू बोलणं.

८ मार्च, शनिवार
झकास चाललंय. सेल्समन पळाला. मीटरवाला मात्र भला माणूस, थांबा म्हटल्यावर थांबूनच राहिला. शेवटी शिलाईवालीकडे तक्रार करून गेला, खालचे आजोबा आलो म्हणतात आणि येतच नाहीत.
मी तेव्हा पलंगामागे होते. चष्मा पडला होता तिथे. शोधायला वेळ लागतो.

११ मार्च, मंगळवार
शिलाईवाली जिन्यात हळूच विचारते, आजी, घरात कोण आलंय हो? मी नुसती हसले. ह्या वयात बाईबद्दल कुजबुज होणं काही सोपं नाही! जरा ठेवणीतलं पातळ नेसले.
दुपारी लाइट गेले. स्टिरिओ बंद. तेवढ्यात दारावर थाप. मी श्वास रोखून बसले. बराच वेळ थापा पडत होत्या. नंतर कळलं, पोस्टमन मेणबत्ती मागत होता.
ठराव : सेल आणून ठेवायचे. सेलवर चालतो का ते विचारायचं.

१३ मार्च, गुरुवार
बेल वाजली. मी बटण दाबलं. हे ओरडले. बाहेर एकदम चिडीचूप. मग कोणी हुंदका दिला. चोर रडत नाहीत एवढं मला कळतं, धावत दार उघडलं. लेक! मागे जावई. शिलाईवालीनेच फोन केलेला, तुमच्या आईकडे कोणी पुरुष राहतो म्हणून. लेक उंबऱ्यात उभी, डोळ्यांना पदर. म्हणाली, आई, बाबांचा आवाज गं.
या गडबडीत बटण बंद करायचं राहिलं. पुढचं लागलं. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. हे हळू आवाजात म्हणतात, "अगं, कोणी नाही, मांजर होतं. घाबरट कुठली! मी आहे ना? सोड आता माझा हात."
जावई हसायला गेले आणि खाली वाकून चपला काढायला लागले. लेकीने विचारलं, आई, हे रोज ऐकतेस? मी म्हटलं, छे, कॅसेट अडकते तिथेच. बंद करायला गेले तर मला बटणच सापडेना. रोजचं बटण.
मग लेक आत आली. नुसता हात धरून बसली. मीही म्हटलं, बसू दे, पोरगी घाबरलीय.
जायचं ठरलं. माझ्यासाठी नाही हं. चिमणी आता कॉलेजात जाते, संध्याकाळी घरी एकटी असते, तिला सोबत नको? शिवाय थोडेच दिवस. कपाट इथेच राहील. स्टिरिओ मात्र माझ्या मांडीवर, टेम्पोत मागे नाही टाकायचा, हे जावयांना बजावून सांगितलं. ते म्हणाले, बरं, सासूबाई.
रविवारी सकाळी येतो म्हणालेत. मी म्हटलं, शनिवारीच आलात तरी चालेल.