उंबऱ्यावरचं पाणी

सोफिया विमानतळ,
१४ मार्च

प्रिय आईस,
स्विलेनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. न्याहारीला घेतलेली चीजची बनित्सा पिशवीतच आहे. एक घास खाऊन परत गुंडाळून ठेवली.

आई, माझी एक चूक झाली. तिकिटावर विमान दुपारी एकला निघून पावणेतीनला पोचतं असं छापलंय. त्यावरूनच मी तुझ्यावर ओरडलो होतो, "दोन ताससुद्धा नाहीत, बुर्गासच्या बसला याहून जास्त लागतात!" आज कळलं की डब्लिनची घड्याळं आपल्या मागे दोन तास आहेत. म्हणजे पावणेचार तास हवेत. अडीच हजार किलोमीटर, आणि खाली कुठंही उतरायची सोय नाही.

रांगेत एक आजी आहेत, नातवाकडे चालल्यात. म्हणाल्या, "पहिलंच विमान का रे?"
"नाही."
"मग पिशवीचा पट्टा पोटाला कशाला आवळतोयस? अजून जमिनीवरच आहोत."
मला हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "निघताना पाणी कुणी ओतलं?"
"आईनं."
त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बूट कोरडे होते.

आज सकाळी मी दारात थांबलो होतो. वाटलं, माझ्या जाण्यावरून भांडलीस तरी तांब्या घेऊन येशील, रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर पाणी सांडशील, वाट पाण्यासारखी सुरळीत जावो म्हणशील. तू आतूनच म्हणालीस, "पाणी हवं असेल तर नळ आहे." मी दार आपटलं. काचेला तडा गेला असेल तर आल्यावर बसवीन.

माझी रालित्सा डब्लिनच्या विमानतळावर घ्यायला येणार आहे, असं मी तुला सांगितलं होतं.

ती येणार नाही. मी निघालोय हे तिला माहीतच नाही. जानेवारीत ती म्हणाली होती, "आधी परीक्षा दे, मग बोलू." त्यानंतर फोन नाही. कॉलेज सोडलं हेही तिला ठाऊक नाही. वृद्धाश्रमातली तिची पाळी सहाला सुटते. मी तिच्या घराच्या दाराशी उभा राहणार आहे. ती काय म्हणेल, याचाच विचार करत बसलोय. विमानाची भीती आहे, खोटं कशाला बोलू, पण विमान उतरेल तरी. त्यानंतरचं मला काहीच दिसत नाही.

आजी हाका मारतायत, रांग पुढे सरकली. तपासणीआधीच टपालपेटी आहे, हे पत्र तिच्यात टाकतो. तुला चार दिवसांनी मिळेल. तोवर रालित्साचं दार उघडलं असेल, नाहीतर बंद झालं असेल. तरीही आई, पत्र वाचून झालं की ऊठ, तांब्या भर आणि उंबऱ्यावर ओत. उशीर झाला म्हणून राहू देऊ नकोस.

कोरड्या बुटांनी निघालेला,
तुझाच
स्विलेन