शाईला सुतक कळत नाही

बाळीवेस, सोलापूर
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. सोमशेखर भावजी यांना दानेश्वरी वहिनीचा आशीर्वाद. रुद्राणी आणि मुलं बरी असतील. अव्वाचे गुडघे दुखतात, बाकी तिची तब्येत ठीक आहे. ऊन फार आहे.

त्या शनिवारी सकाळी आठला मी दुकानाचं शटर वर केलं, ओटा झाडला, फ्लेक्स छापायच्या मशीनखालचा ट्रे काढून साचलेली शाई डब्यात ओतली. रात्री आम्ही हेडखाली सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं कापड ठेवतो, म्हणजे हेड वाळत नाहीत. ते कापड काढलं. चारही हेडमध्ये सिरिंजनं थेंब थेंब सॉल्व्हंट सोडलं आणि मऊ फडक्यानं खालून एकदाच, एका दिशेनं पुसलं. घासायचं नसतं. हेडच्या तोंडाला शेकडो भोकं असतात, सुईच्या टोकाहून बारीक, आणि शाई त्यांतूनच उडते. तोवर हे लिंगपूजा आटोपून आले. त्यांनी टेस्ट काढली. फ्लेक्सच्या तुकड्यावर निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या बारीक रेघा येतात. जी रेघ तुटते तिचं भोक बुजलेलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "पूर्ण हाय गं. एक बी तुटली न्हाय." मी चहा टाकायला घरी आले. साडेनऊला शेजारचे धावत सांगायला आले, हे खुर्चीतच कलंडले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आधीचं माहीत नव्हतं म्हणून लिहिलं. हे, तुमचे अण्णा, गेले तेव्हा त्यांच्यामागं मशीन धडधाकट होतं.

आणि परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "बाईमाणसाच्यानं मशीन संभाळणं होत न्हाय वहिनी. बघा की, तेरा दिवसांत वाट लागली. माढ्याच्या माणसाला शब्द दिलाय, मंगळवारी मशीन न्यायला टेम्पो घेऊन येतोय." तेव्हा समोर अव्वा जेवत होती. आज ती देवळात गेली आहे, म्हणून लिहायला बसले.

तेरा दिवसांत वाट लागली, खरं आहे. पण कुणी लावली?

तिसऱ्या दिवशी माणसांनी घर भरलं होतं. मी तुम्हाला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, भावजी, अर्धा तास दुकानात जाऊन येते, हेड ओले करायला पाहिजेत, एप्रिलचं ऊन आहे. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "अण्णावरची माती अजून वाळली न्हाय, आणि तुमाला हेड वाळायची काळजी?"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मी त्या माणसाबरोबर एकवीस वर्षं संसार केला, सोळा वर्षं ते मशीन चालवलं. ह्यांना मातीत बसवून आले त्या संध्याकाळपासून मी पाणीसुद्धा कुणीतरी हातात दिलं तरच पीत होते. आणि हेड वाळतील ही काळजी मला माझ्यासाठी होती असं तुम्हाला वाटलं? ती त्यांची सवय होती. गावाला जायचं झालं तर ते आधी हेडला विचारायचे आणि मग मला. तुमच्या लग्नात हळदीच्या दिवशी ते तीन-चार तास गायब झाले होते, आठवतं? वैरागहून सोलापूरला येऊन हेड पुसून परत गेले. तुम्ही रुसला होता.

तुम्ही चावी खिशात घातलीत आणि म्हणालात, "सुतक हाय. तेरा दिवस दुकान उघडायचं न्हाय."

भावजी, कुणाचं सुतक? आपल्या गळ्यात लिंग आहे. जन्माचं, मरणाचं, बाईच्या विटाळाचं, उष्ट्याचं, जातीचं, पाचही सुतकं आपल्यात मानत नाहीत. मी सातवी शिकले, पण वाचनालयातून वचनांची पुस्तकं आणून वाचली आहेत, एकदा नाही, दोनदा. मी वाचलेलं सोडून द्या. अव्वा कोपऱ्यातून म्हणाली की नाही, "नमगं सूतक इल्ल"? आपल्याला सुतक नाही, असं स्वतःचा मुलगा गेलेली बाई म्हणाली. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत? "अव्वा, गल्लीत राहायचं हाय. लोक काय म्हणतील?"

आणि चौथ्या दिवशी वैरागला तुमची आडत उघडी होती. रुद्राणीच्या तोंडून सहज निघून गेलं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "हरभऱ्याच्या गाड्या येऊन उभ्या होत्या, वहिनी. माल थांबतोय व्हय?" शाई थांबते होय? हरभरा चार दिवस पोत्यात राहिला तर हरभराच राहतो. शाई त्या भोकांत चार दिवस राहिली की तिचा दगड होतो.

अण्णांच्या श्रद्धांजलीचा बोर्ड तुम्ही दुसरीकडून छापून आणलात तेही मी बोलले नाही. त्यावर 'भावपुर्ण' लिहिलं होतं, पहिला उकार. सोळा वर्षं आमच्या दुकानातून एकही 'भावपुर्ण' बाहेर गेला नाही. छापायच्या आधी प्रत्येक मजकूर मी वाचायची. त्यांच्याच फोटोखाली तो शब्द तेरा दिवस दारात टांगलेला होता, आणि मी येता-जाता तेवढाच बघत होते. फोटोकडं बघवत नव्हतं.

चौदाव्या दिवशी तुम्ही चावी पाठवलीत. शटर वर केलं तर आत भट्टी. टेस्ट काढली. निळ्याच्या सात-आठ रेघा, पिवळ्याच्या त्याहून कमी, लाल एखादी. काळं काहीच नाही. मशीन दुरुस्त करणारा गुरुराज आला, हेडवर बॅटरी मारून म्हणाला, "काकू, चारही गेले. नवीन घालण्यात अर्थ न्हाय. मोडीत काढा." त्यानं तुम्हाला फोन केला, तुम्ही माढ्याला केलात. मला कुणी विचारलं नाही. मी तिथंच उभी होते, हातात फडकं घेऊन.

त्याच दिवशी मी मशीनचं पुस्तक काढलं. ते इंग्रजीत आहे, तेही चीनमध्ये लिहिलेल्या इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन हेडची चार पानं दीड दिवसात वाचली. मग एकेक हेड सोडवून उथळ ताटलीत ठेवला, फक्त तोंड भिजेल इतक्याच सॉल्व्हंटमध्ये. वरून सिरिंजनं एक थेंब, मग वाट बघायची. जोर लावला की आतला पडदा फाटतो आणि हेड कायमचा जातो. ह्यांना इन्सुलिन मीच द्यायची, हाताला तेवढा धीर आहे. तिसऱ्या दिवशी पिवळ्या हेडमधून धागा निघाला. धागाच म्हणते, इतकी बारीक धार. पाचव्या दिवशी लाल आणि निळा सुटला. काळ्यानं आठ दिवस घेतले.

काल गुरुराजला बोलावून टेस्ट दाखवली. त्यानं तुकडा हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"हेड कुठनं आणले, काकू?"

"तेच आहेत."

"गप की. चेष्टा करताय व्हय?"

"काळ्याच्या दोन रेघा अजून तुटतात. त्याचं काय करू ते सांग."

तो म्हणाला, त्या आता येणार नाहीत, पण मशीन चालेल. आणि जाताना म्हणाला, "माढेवाल्याला मी काय सांगू?" मी म्हटलं, तू काही सांगू नकोस.

आता जे इतकी पानं टाळलं ते लिहिते. नाहीतर हे पत्र अर्धं खोटं होईल.

दुकानाची दुसरी चावी माझ्याकडं होती. तुम्ही चावी खिशात घातलीत तेव्हाही होती, देवघराच्या फळीवर, ह्यांची. पाचव्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते. मी ती घेतली, चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून शटर दिसतं. समोरच्या ओट्यावर तिघी बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसतं बघितलं. मी दुधाची पिशवी घेतली आणि परत आले. घरात दोन लिटर दूध पडलं होतं.

त्या तिघींना भ्याले हे अर्धंच खरं. शटर उघडलं की ह्यांची खुर्ची दिसेल, आणि टेस्टचा तो शेवटचा तुकडा टेबलावर असेल, त्यालाही भ्याले. मग पुढचे आठ दिवस मला तुमचं सुतक सोयीचं झालं. जे मी वाचून मानत नव्हते ते मी पाळलं. तुम्ही कुलूप लावलंत यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. ते मी उघडलं नाही, यासाठी स्वतःलाही करणार नाही. पण माझ्यावरचा राग माझा मी बघेन. त्याचा आधार घेऊन तुम्ही सुटू नका.

अव्वा आली. उरलेलं उद्या.

सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. काही खोडलं नाही.

आज सकाळी माढ्याच्या माणसाला फोन करून सांगितलं की मशीन विकायचं नाही, टेम्पो पाठवू नका. तो म्हणाला, सोमशेखरशेठनी शब्द दिलाय. मी म्हटलं, मशीन त्यांचं नाही.

लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही. अव्वाला भेटायला या, जेवूनच जायचं. दुकानाबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा, घरात चार माणसांसमोर नाही, दुकानात येऊन.

फोन ठेवला, हेड पुसले, टेस्ट काढली. मग गल्लीतल्या मंडळाचा परवाच्या बसव जयंतीचा दहा बाय वीसचा बोर्ड छापला आणि दुपारी पोरांच्या हवाली केला. काळ्या अक्षरांत दोन बारीक पांढऱ्या रेघा आल्या होत्या, त्या त्यांना आधी दाखवल्या.

तुमची वहिनी,
दानेश्वरी अमरेश बिराजदार