लेकीच्या घरचं पाणी

॥ श्री ॥

चिमणपुरा, सातारा
१२ फेब्रुवारी १९४६

चि. सौ. चारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

संक्रांतीनंतर तुझे पत्र नाही. तू पाठवलेला हलवा पोचला. अक्काने, म्हणजे तुझ्या अनसूयाआत्याने, त्याला काटा नाही म्हणून नाक मुरडले आणि दोन दिवसांत डबा रिकामा केला.

मी सध्या पाण्यात बुडालो आहे. घाबरू नकोस. निवृत्त ड्रॉइंग मास्तराला काहीतरी उद्योग हवा, म्हणून वाचनालयाच्या मंडळींनी मला वैशाखात जुन्या साताऱ्यावर बोलायला सांगितले आणि मी विषय घेतला पाण्याचा. यवतेश्वराच्या डोंगरातून खापरी नळाने पाणी गावात आले, पेठापेठांतून हौद झाले, हे सगळेच सांगतात. पण कोणता नळ कुठे वळतो आणि एका हौदाचे पाणी पुढे कोणत्या हौदात जाते, हे कागदावर कुणी काढलेले मला तरी आढळले नाही. ते मी काढतो आहे. तुझी आई गेल्यावर मी तुला बोटाला धरून गावभर हिंडायचो, तेव्हा टेपचे दुसरे टोक तू धरायचीस. आता तात्याबा धरतो. म्युनिसिपालटीत तीस वर्षे नळ दुरुस्त केलेला माणूस, माहिती खंडीभर. पण ऐन मापाच्या वेळी टोक सोडून बिडी पेटवतो. तुझी फार आठवण होते, हे लिहूनच टाकतो.

तिकडे तुला असले काही सापडायचे नाही. तुझ्या माधवनगरापेक्षा माझी छत्री वयाने वडील असेल. मधुकररावांना आशीर्वाद. उत्तरात खुशालीपेक्षा चार ओळी जास्त असाव्यात.

तुझा,
अण्णा

॥ श्री ॥

माधवनगर
२० फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप अण्णांस बालके चारूचे सा. न. वि. वि.

छत्रीचे वाचून इकडून पुष्कळ हसणे झाले. गिरणीत सध्या काम फार, त्यामुळे हसू दुर्मीळ; तेवढा उपकार झाला. आमची पेठ नवी खरी, पण रस्ते कसे पट्टीने आखल्यासारखे आहेत. ड्रॉइंग मास्तरांना तरी आवडायला हवेत. पाणी मात्र मचूळ आहे. डाळ शिजता शिजत नाही.

तुम्ही पाण्याचा विषय काढलात म्हणून मीही काढते. लग्नाला सात वर्षे झाली. तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेलात, आणि बरोबर साताऱ्याच्या पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या. गेल्या वैशाखात तो दुपारीच संपला. मी पुढ्यात पाणी घेऊन उभी, आणि तुम्ही कोरड्या घशाने मला हौदांच्या गोष्टी सांगत होतात. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी घ्यायचे नाही, ही रीत मला ठाऊक आहे. पण मला मूल झाले होते, अण्णा. नऊ दिवस होती ती. बारशाच्या आधी गेली म्हणून आत्यांनी ती धरली नाही, आणि तुम्ही आत्यांच्या शब्दापलीकडे गेला नाहीत. मी मात्र नऊ दिवस आई होते.

या उन्हाळ्यात चार दिवस राहायला या. घरात माणसे दोन आणि खोल्या तीन आहेत. आत्यांना नमस्कार सांगावा. रागाने लिहिलेले नाही, माया आहे म्हणून लिहिले आहे.

आपली,
चारू

॥ श्री ॥

सातारा
२६ मार्च १९४६

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. तब्येत चांगली आहे, काम फार होते.

नकाशात एका जागी घोडे अडले होते. आपल्या घरामागच्या हौदाचे पाणी थेट डोंगरातून येते, मधे कुणाचा हात लागत नाही, असे अक्का चाळीस वर्षे सांगत आली. देवाला तेच पाणी. तात्याबाचे म्हणणे, ते वरच्या आळीच्या हौदातून फिरून येते. वाद मिटेना, तेव्हा रंगपंचमीचा उरलेला शेरभर गुलाल मी वरच्या हौदात सोडायचा ठरवला. तात्याबा म्हणत होता की मास्तर, पानी लाल करायच्या आदी खाली कोन भरतंय त्ये तरी बघून येऊ. मी कसला ऐकतो! पाऊण तासाने अक्का सोवळ्याने हौदावर गेली आणि तिची घागर लाल भरली. पूजा राहिली, नैवेद्य राहिला, वरच्या आळीतल्या बायकांनी मला दारात येऊन ऐकवले ते वेगळे. दोन दिवस मला आळणी वरण मिळाले. पण नकाशा पुरा झाला. आमचे सोवळ्याचे पाणी अख्ख्या आळीच्या घागरी बुडवून मग आमच्याकडे येते. तात्याबा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

राहता राहिली तुझी गोष्ट. त्यावर काय लिहू? रीत काही मी घातलेली नाही. वाडवडिलांनी पाळली, मी पाळतो. अक्काचे मन मोडवत नाही. तू समजूतदार आहेस, तूच इकडे ये. आंबे उतरले की पत्र टाकतो, मधुकररावांनी तुला पाठवावे.

तुझा,
अण्णा

॥ श्री ॥

माधवनगर
४ एप्रिल १९४६

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

गुलालाची हकीकत मी दोनदा वाचली, दोनदा हसले आणि मग पत्र मिटून ठेवले. तुम्ही तीन पाने हौदावर लिहिलीत आणि माझ्यावर पाच ओळी.

तुमचा छत्रीचा गर्व उतरवावा म्हणून मीही आमच्या पेठेचे जुने काही शोधायला निघाले होते. गिरणीच्या तारेच्या कुंपणालगत एक बुजत आलेली विहीर आहे. तिथे हरणाबाई भेटली. घोंगड्या विकणारी धनगराची म्हातारी. तिने सांगितले की पेठ वसायच्या आधी हा सगळा माळ होता, आणि ही विहीर तिच्या सासऱ्याने मेंढरांसाठी खोदली. तिचे माहेर आटपाडीकडे. तिचा बाप दरसाल मेंढरे घेऊन ह्या मुलखात यायचा आणि माळाच्या त्या टोकापासून ओरडायचा, हरणे, पानी आन! दोन कोस वाट वाकडी करून यायचा, का तर लेकीच्या हातचे पाणी प्यायला. तेव्हा तिलाही मूलबाळ नव्हते.

मी तिला आपली रीत सांगितली. तिने विचारले, बाप रागावलाय व्हय? म्हटले, नाही, फार माया आहे त्यांची. तर म्हणाली की ही कसली माया गं, म्हातारा तान्हेला ऱ्हातो आन लेक भरल्या घागरीम्होरं रडती.  तुम्हाला उत्तर सुचले तर कळवा.

आंब्यांना मी येणार नाही. आणि अण्णा, आणखी एक लिहिते. माझ्या घरचे पाणी पिणार नसाल तर तुम्हीही येऊ नका. तुमचा तो तांब्या पाहिला की मला नऊ दिवसांची ती पुन्हा गेल्यासारखी वाटते. हे बोलले त्याबद्दल क्षमा असावी. बोलले ते मागे घेत नाही.

आपली,
चारू

॥ श्री ॥

सातारा
१० मे १९४६

माझ्या चारूस,

चार पत्रे लिहिली आणि फाडली. हे पाचवे.

व्याख्यान झाले. गर्दी बरी होती. शेवटी एका गृहस्थांनी उठून विचारले की अमुक हौद अमक्याने बांधला याला आधार काय? मी छाती पुढे काढून सांगितले की ज्याला आधार नाही असे एक अक्षर मी लिहीत नाही. टाळ्या पडल्या. घरी येताना मात्र तेच वाक्य माझ्या पाठी लागले. दगडावर अक्षर दिसल्याशिवाय मी हौदाचे साल लिहीत नाही, आणि ज्या रीतीपायी सात वर्षे लेकीला रडवले तिला आधार कधी विचारला होता? दुसऱ्या दिवशी आपल्या शास्त्रीबोवांकडे गेलो. त्यांनी पोथ्यांकडे हातसुद्धा नेला नाही. शास्त्राद्रूढिर्बलीयसी, शास्त्राहून रूढी बलवान, एवढेच म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

मग तुझे पत्र मी अक्काला वाचून दाखवले. ती पाटावर शेवया वळत होती. हात थांबला नाही, म्हणून मला वाटले ऐकत नाही. पत्र संपल्यावर तिने जे सांगितले ते साठ वर्षांच्या मला ठाऊक नव्हते. अक्का अकराव्या वर्षी मेढ्याला सासरी गेली आणि सोळाव्या वर्षी परत आली, कपाळ पुसून. मधल्या पाच वर्षांत तुझे आजोबा, आमचे वडील, एकदाही तिच्या घरात आले नाहीत. साताऱ्याहून चालत मेढ्याला जायचे, गावाबाहेरच्या देवळात बसायचे, ओढ्याचे पाणी प्यायचे, कुणाकडून तरी खाऊची पुडी आत पाठवायचे आणि परत फिरायचे. तिला कुणी वेळेवर सांगितले तर ती धावत जायची, तोवर देऊळ रिकामे असायचे. तिच्या सासरी तिचे काय चालले होते ते बघायला कुणीच आले नाही.

मी म्हटले, अक्का, मग तूच ही रीत एवढी का धरून बसलीस? ती म्हणाली की नारायणा, रीत खोटी असेल तर मग वडील माझ्या घरी का आले नाहीत? ती खरी आहे असे धरले, म्हणून मी जगले.

 मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली की तू जा. मी आता म्हातारी झाले, मला खरे-खोटे काही असले तरी चालेल.

१९ तारखेच्या सकाळच्या गाडीने येतो. बरोबर पाणी आणणार नाही. येऊ नका म्हणाली होतीस. आता या म्हणशील का, एवढे उलट टपाली कळव.

अण्णा

॥ श्री ॥

माधवनगर
२७ मे १९४६

ती. अनसूयाआत्यांस सौ. चारूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

अण्णा काल गेले ते खुशाल पोचले असतीलच. येतो म्हणाले होते चार दिवसांसाठी, राहिले सात. तुम्ही दिलेल्या शेवयांची खीर दोनदा झाली.

तुम्हाला सगळे नीट सांगते, ते अर्धे गाळतील. उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनीच पाणी मागितले. मी रात्रीपासून माठात वाळा घालून ठेवला होता, पण पेला भरायचा सोडून मी त्यांच्याकडेच बघत राहिले. इकडून पुढे येऊन, पेला भरून अण्णांपुढे धरला गेला, तर अण्णा म्हणाले की तुम्ही नव्हे मधुकरराव, ती देईल. मग मी दिला. सगळा प्यायले. तोंड वाकडे केले, म्हणाले फारच मचूळ आहे गं, आणि दुसरा पेला मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, आत्या. आनंदानेच रडले, पण रडले.

पुढचे दिवस मापे घेण्यात गेले. हरणाबाईच्या विहिरीची खोली, तोंडाची रुंदी, सगळे टिपले. हरणाबाई त्यांना म्हणाली की मास्तर, लय उशिरा आलासा, आमचा म्हातारा वर्सावर्साला यायचा. अण्णांनी तिला हात जोडले. त्यांनी कुणाला असे हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

जायच्या आदल्या दिवशी ओसरीवर बसलो होतो. इतके दिवस मुलीचा विषय त्यांनी काढला नव्हता, मीही नाही. एकदम म्हणाले की बारसे झाले नाही म्हणून नाव नाही, असे आम्ही सगळे म्हणत आलो. पण नऊ दिवस तू तिला काही हाक मारली असशील ना? आजवर हे मला कुणी विचारले नव्हते. मी नाव सांगितले. त्यांनी ते हळू आवाजात, समोर कुणी निजले असावे तसे, दोनदा म्हटले.

ते नाव मी पत्रात लिहीत नाही. अण्णांनाही म्हटले आहे की सांगू नका, तुम्ही कितीही विचारलेत तरी. आत्या, तुम्ही माझ्या घरी कधीच आला नाहीत. गाडीचा प्रवास चार-पाच तासांचा आहे. या, माझ्या हातचे पाणी प्या, आणि नाव माझ्या तोंडून ऐका.

वाट पाहणारी,
तुमची चारू